शटरची स्प्रिंग तुटली तर : दुकानदाराने काय करावे, कारागिराने काय टाळावे

आपल्या समाजातील फार मोठा वर्ग दुकान, गाळा किंवा लहानशा वर्कशॉपवर उपजीविका करतो. मालाची, उधारीची, वीजबिलाची काळजी प्रत्येकाला असते. परंतु ज्या शटरखालून आपण दिवसातून वीस वेळा ये-जा करतो, त्याची काळजी ते अडकेपर्यंत कुणीही करीत नाही. शटर जड झाले तर दुकानात काम करणाऱ्या पोराला हाक मारायची, दोघांनी मिळून ते वर ढकलायचे, आणि 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून सोडून द्यायचे, हा सर्वसाधारण रिवाज आहे. त्या पोराची कंबर, शटरखाली उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचे डोके आणि दुरुस्तीला चढलेल्या कारागिराचा हात या तिन्ही गोष्टी त्या एका स्प्रिंगवर अवलंबून असतात. म्हणून या आठवड्यात शटरच्या स्प्रिंगविषयी थोडे तपशिलाने पाहू. मजकुराचा काही भाग दुकानदारांसाठी आहे व काही भाग शटरचे काम करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्या बांधवांसाठी. तथापि दोघांनीही दोन्ही भाग वाचावेत, कारण एकाला दुसऱ्याचे काम समजले तरच व्यवहार स्वच्छ होतो.

शटर वर कसे जाते?

कव्हर काढून वर पाहिले तर एक आडवा लोखंडी पाइप दिसतो. तो दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटवर क्लॅम्पने आवळून घट्ट बसविलेला असतो. हा पाइप फिरत नाही, ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पाइपावर बिडाची चाके असतात, ती मात्र फिरतात. पट्ट्यांचा पडदा या चाकांना बोल्टने जोडलेला असतो व त्यांच्यावरच गुंडाळला जातो. पाइप आणि चाक यांच्यामध्ये स्प्रिंग असते. तिचे एक टोक पाइपात अडकविलेले व दुसरे चाकात. शटर खाली ओढले की चाके फिरतात आणि स्प्रिंग पिळली जाते. वर ढकलले की ती पिळलेली स्प्रिंग सुटत जाते व पडद्याचे वजन उचलण्यास मदत करते. म्हणजे आपण शटर उचलतो असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात उचलते ती स्प्रिंग, आपण फक्त इशारा करतो.

यातील खुबी अशी की शटर पूर्ण खाली असते तेव्हा सगळा पडदा लटकलेला असतो, म्हणजे वजन सर्वांत जास्त. आणि नेमकी त्याच वेळी स्प्रिंगही सर्वांत जास्त पिळलेली असते. पडदा वर जातो तसा लटकणारा भाग कमी होतो, तशी स्प्रिंगही सैल पडत जाते. दोन्ही पारडी सारखी राहतात. म्हणून चांगले बसविलेले शटर अर्ध्यावर सोडले तरी तेथेच उभे राहते. आपल्याकडे धातूच्या शटरसाठी भारतीय मानक क्रमांक ६२४८ आहे, व सरकारी बांधकामांच्या अटींमध्येही हीच अपेक्षा धरलेली असते की अर्धवट उघडलेल्या कोणत्याही स्थितीत शटर तोलून राहावे.

आता वजनाचा अंदाज घेऊ. आठ फूट रुंद व आठ फूट उंच शटर म्हणजे जवळजवळ ६ चौरस मीटर. ०.९ मिलिमीटर जाडीच्या सपाट पत्र्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ७ किलो भरते. पट्टीला दोन्ही कडांना वळण व मधे खोलगट नाळ असल्यामुळे पत्रा जास्त लागतो. खालची लॉकची जाड पट्टी धरली तर पडदा पन्नास-साठ किलोंच्या घरात जातो. हा पडदा वर गुंडाळायचा म्हणजे त्याचे वजन सरासरी सव्वा मीटर उंच न्यायचे. तेवढी सगळी ताकद, शटर बंद असताना, डोक्यावरच्या त्या स्प्रिंगांमध्ये कोंडलेली असते. साठ किलोचा माणूस सव्वा मीटरवरून खाली पडला तर जो दणका बसेल तोच हा. ही ताकद एका क्षणात सुटली तर पान्याचे दांडके हातातून निसटून कुठे लागेल याचा नेम नाही.

स्प्रिंग का तुटते?

तार कमकुवत असते म्हणून ती तुटते असा समज आहे; तो अर्धाच खरा आहे. तार वारंवार पिळली व सोडली गेल्यामुळे थकते. परदेशातील गॅरेजच्या दरवाजांना अशाच तऱ्हेच्या स्प्रिंगा असतात व तेथे साधारण प्रतीच्या स्प्रिंगचे आयुष्य दहा हजार वेळा उघड-बंद असे धरले जाते. आपल्या शटरला हाच आकडा तंतोतंत लागू होतो असे नव्हे, पण हिशेब करून पाहण्यास तो उपयोगी आहे. घराच्या गॅरेजचा दरवाजा दिवसातून एक-दोन वेळा हलतो. आपले दुकान सकाळी उघडते, जोहरला व जेवणाला बंद होते, असरला बंद होते, मगरिबला बंद होते, आणि रात्री शेवटचे. दिवसाला चार वेळा धरले व वर्षाचे ३०० दिवस मोजले तर वर्षाला १,२०० फेऱ्या झाल्या. दहा हजारांचा आकडा आठ वर्षांत संपला! शेजारी जो दुकानदार फक्त सकाळी उघडून रात्री बंद करतो, त्याची तशीच स्प्रिंग तीस वर्षे का टिकते, याचे उत्तर येथे आहे. यात शटरवाल्याची लबाडीच असते असे नाही. नमाजसाठी दुकान बंद करणे सोडावे असे कुणी म्हणणार नाही. परंतु आपली स्प्रिंग लवकर झिजणार हे धरून तिची तपासणी आधी व्हावी. नमाजपुरते शटर अर्ध्यावरच ओढले तरी स्प्रिंगला त्या मानाने कमी पीळ बसतो.

दुसरे कारण गंज. मुंबई, भिवंडी, रत्नागिरी या दमट हवेच्या भागात तारेवर गंजाचे बारीक खड्डे पडतात व चीर त्या खड्ड्यापासून सुरू होते. पावसाळ्यात कव्हरमधून पाणी झिरपत असेल तर स्प्रिंग बदलण्याआधी कव्हर दुरुस्त करा, नाहीतर नवी स्प्रिंगही जुनीच्याच वाटेने जाईल.

तिसरे कारण कारागिराच्या हातचे. तारेचे टोक वाकवून आकडा करण्यासाठी ते गॅसवर लाल केले जाते. स्प्रिंगची तार ही जास्त कार्बनची, थंड ओढून काढलेली तार असते. लाल केली की त्या जागी तिचा कस जातो, आणि लाल असतानाच पाण्यात बुडविली तर ती काचेसारखी ठिसूळ होते. स्प्रिंगा आकड्याच्या जवळच तुटलेल्या दिसतात त्याचे एक कारण हे आहे.

खरोखर स्प्रिंगच गेली आहे काय?

शटर जड झाले की लगेच 'स्प्रिंग गेली' असे म्हणण्याची घाई करू नये. बाजूच्या गाइड चॅनेलमध्ये धूळ, कागद, रंगाचे पापुद्रे साचले असतील; एखादी पट्टी टेम्पोच्या धक्क्याने दबली असेल; पट्ट्यांच्या टोकाची क्लिप निघून पट्टी एका अंगाला सरकली असेल. अशा वेळी शटर ठरावीक जागी अडते व त्या जागेच्या वर-खाली हलके चालते. स्प्रिंग तुटली असेल तर ते सगळीकडे सारखेच जड लागते. बहुधा ती तुटताना मोठा आवाज होतो. रात्री बंद दुकानातून बंदूक सुटल्यासारखा आवाज आला असे शेजारी सांगतात. दोन-तीन स्प्रिंगांपैकी एकच तुटली तर शटर तिरके वर जाऊ लागते.

आणखी एक प्रकार आहे व तो पुष्कळांना माहीत नसतो. स्प्रिंग शाबूत असते, परंतु ज्या क्लॅम्पने पाइप आवळला आहे तो क्लॅम्प सैल होऊन पाइप थोडाथोडा उलटा फिरत असतो. त्यामुळे स्प्रिंगला दिलेला मूळ पीळ निघून जातो आणि शटर दर महिन्याला थोडे थोडे जड होते. याची परीक्षा अगदी सोपी आहे. पाइपावर व त्याच्या लगतच्या ब्रॅकेटवर मिळून एक सरळ खडूची रेघ ओढावी. पंधरा दिवसांनी पाहावे. रेघ तुटून पाइपावरची खूण पुढे-मागे सरकलेली दिसली तर दोष क्लॅम्पचा आहे, स्प्रिंगचा नाही. हे काम क्लॅम्प बदलून व पुन्हा पीळ देऊन भागते. खेदाची गोष्ट अशी की येथेच काही जण 'सगळ्या स्प्रिंगा संपल्या' असे सांगून पुऱ्या कामाचे पैसे लावतात. कारागीर वर चढलेला असतो, खाली उभ्या दुकानदाराला काही दिसत नाही. मालातील ऐब लपवून विकणे इस्लामने निषिद्ध ठरविले आहे. मग नसलेला ऐब दाखवून विकणे कोणत्या सदरात बसते, याचा विचार ज्याचा त्याने करावा. दुकानदाराने तुटलेली स्प्रिंग ताब्यात मागावी, आणि कारागिराने न मागता ती काउंटरवर आणून ठेवावी.

दुकानदाराच्या हातातील काम

शटर उघडे असताना स्प्रिंग तुटली तर ते खाली ओढू नये. खालच्या पट्टीखाली दोन्ही गाइडजवळ एकेक भक्कम लाकडी टेकू किंवा लोखंडी पाइप उभा करावा आणि मगच कारागीर बोलवावा. एकाच बाजूला टेकू दिला तर शटर तिरके होऊन अडकते. बंद असताना तुटली असेल तर एकट्याने उचलण्याचा प्रयत्न करू नये. तीन माणसे लागतात : दोघांनी दोन्ही टोकांना उचलायचे व तिसऱ्याने टेकू सरकवायचे. हात खालच्या पट्टीच्या खाली राहणार नाहीत असे धरावे. ज्या गाळ्यात रात्री कामगार झोपतात व बाहेरून कुलूप लागते, तेथे तर शटर जड झाले त्याच दिवशी काम करून घ्यावे. आग लागली किंवा कुणाला अचानक बरे वाटेनासे झाले तर तुटलेल्या स्प्रिंगचे शटर आतल्या एकट्या माणसाच्याने उघडत नाही. खरे तर आत माणूस असताना बाहेरून कुलूप लावणेच बंद झाले पाहिजे, पण तो वेगळा विषय आहे.

याखेरीज दुकानदाराने स्वतः करण्यासारखे काम म्हणजे सफाई व तेल. महिन्यातून एकदा गाइड चॅनेल कोरड्या फडक्याने व ब्रशने साफ करावे, चिकट घाण रॉकेलच्या बोळ्याने पुसावी, मग पातळ मशीन ऑइलचा हात फिरवावा. गाइडमध्ये ग्रीस भरणे टाळावे; रस्त्यावरची धूळ त्यात बसून काही दिवसांत तिची खळ होते. पावसाळ्याच्या आधी कव्हर उघडून स्प्रिंगवर पातळ तेल सोडून घ्यावे. मोटार बसविलेले शटर असेल तर हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा.

क्लॅम्पचे नट मात्र दुकानदाराने कदापि सैल करू नयेत. चार नट आणि एक पाना एवढेच तर काम आहे, असे खालून दिसते. त्या चार नटांनीच सगळी पिळलेली स्प्रिंग धरून ठेवलेली असते.

कारागिरांसाठी : पीळ काढणे

आता शटरचे काम करणाऱ्या बांधवांसाठी. पहिली गोष्ट, पीळ काढण्याचे काम शटर पूर्ण वर असतानाच करावे, कारण त्या वेळी स्प्रिंगमध्ये फक्त मूळचा पीळ शिल्लक असतो. शटर खाली ठेवून पडद्याचे बोल्ट काढण्याची घाई काही जण करतात, कारण तेथे हात सहज पोहोचतो. यासारखा धोका दुसरा नाही. बोल्ट निघताच चाके पुऱ्या ताकदीने गरगर फिरतात.

शटर वर नेल्यावर दोन बंदोबस्त करायचे. गुंडाळीभोवती दोन जागी दोर किंवा साखळी आवळून बांधायची, आणि खालच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी टेकू द्यायचे. यातला एकही चुकवून चालत नाही. पीळ निघाला की पडद्याला वर धरून ठेवणारे काहीच उरत नाही. दोर नसेल तर सगळा पडदा धाडकन खाली उलगडतो आणि शिडीवरच्या माणसाला घेऊन येतो.

मग दोन मोठे पाइप पाने, चोवीस इंची किंवा त्याहून लांब. पहिला पाना पाइपाला असा लावावा की पाइप ज्या दिशेला उलटा फिरू पाहणार आहे त्या बाजूने पान्याचे दांडके भिंतीला किंवा तुळईला टेकलेले राहील. माणसाच्या हातावर भरवसा ठेवू नये. दुसऱ्या माणसाने क्लॅम्पचे नट हळूहळू, पाइप सुटण्यापुरतेच ढिले करावेत. त्यानंतर पाव फेरा सोडायचा, दुसरा पाना लावायचा, पहिला काढायचा, पुन्हा पाव फेरा. कोणत्याही क्षणी एक पाना पाइपावर राहिलाच पाहिजे. किती फेरे निघाले ते मोजून भिंतीवर खडूने लिहावे. हा आकडा पुढे सोन्यासारखा उपयोगी पडतो. पाना हातात सैल लागला, पाइप दोन्हीकडे सहज हलू लागला, म्हणजे पीळ संपला. तोंड पान्याच्या दांडक्याच्या रेषेत ठेवू नये. सैल बाहीचा कुर्ता किंवा गळ्यात रुमाल घालून हे काम करू नये.

गुंडाळी, पाइप व बिडाची चाके मिळून वजन पडद्यापेक्षा बरेच जास्त होते. ते खांद्यावर घेऊन शिडीने उतरण्याची बहादुरी नको. घोडी लावून किंवा चेन कप्पीने उतरवावे. आणि शिडीवर शागीर्द म्हणून कोवळे पोर चढवू नये. १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने मनाई आहे, हा एक भाग. दुसरा भाग असा की पान्याचा झटका सांभाळण्याची ताकद त्या वयात नसते. हुनर शिकवायचा तर आधी जमिनीवर, पीळ नसलेल्या स्प्रिंगवर शिकवावा.

नवी स्प्रिंग निवडताना

बहुतेक चुका येथे होतात. जुनी स्प्रिंग घेऊन बाजारात जायचे व 'अशीच दे' म्हणायचे, हे पुरेसे नाही. चार मापे घ्यावीत : तारेची जाडी, वेढ्याचा आतला व्यास, वेढ्यांची संख्या आणि वळणाची दिशा. तारेची जाडी एका तारेवर मोजण्यापेक्षा दहा वेढे एकमेकांना चिकटवून त्यांची लांबी मोजावी व दहाने भागावे. साध्या फूटपट्टीनेही बिनचूक माप येते.

जाडीत अर्ध्या मिलिमीटरने काय फरक पडतो, असे दुकानदारही म्हणतात व विकणारेही. हिशेब पाहा. स्प्रिंगचा जोर तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी साडेसहा मिलिमीटरची तार घेतली तर बाकी सर्व तेच असताना जोर ३७-३८ टक्क्यांनी वाढतो. अशी स्प्रिंग एका बाजूला व जुनी दुसऱ्या बाजूला लावली तर शटर तिरकेच चालणार. त्याउलट वेढे वाढविले की जोर कमी होतो. दुप्पट वेढे म्हणजे निम्मा जोर. पण लांब स्प्रिंग प्रत्येक वेढ्याला कमी ताण देते आणि जास्त टिकते. ज्यांचे शटर दिवसात चार-पाच वेळा हलते, त्यांनी जाड तारेची व जास्त वेढ्यांची स्प्रिंग करून घ्यावी : जोर तेवढाच, आयुष्य जास्त. लोखंड जास्त लागते म्हणून ती महाग पडते, परंतु मजुरी तेवढीच असते.

आतल्या व्यासाचे गणित तर फारच थोडे जण करतात. पीळ घातला की स्प्रिंग आवळते, तिचा व्यास कमी होतो. समजा, ६ मिलिमीटर तारेची ४५ वेढ्यांची स्प्रिंग आहे. आठ फुटी शटर खाली येईपर्यंत गुंडाळी साधारण चार फेरे फिरते, त्यात आधीचा तीन फेऱ्यांचा पीळ मिळवला तर सात झाले. तार तेवढीच, पण वेढे ४५ चे ५२ झाले. म्हणजे व्यास १३ टक्क्यांहून जास्त घटला. शटरला लागणारा ५० मिलिमीटर बोअरचा पाइप बाहेरून सुमारे ६० मिलिमीटर भरतो. वेढ्याचा मध्यातून मोजलेला व्यास ८० मिलिमीटर असेल तर पीळ बसल्यावर तो ६९ होईल, आतून ६३ राहील. पाइपावर जेमतेम मोकळी राहील. हाच व्यास ७५ असता तर आतून ५९ राहिला असता, म्हणजे स्प्रिंग पाइपाला करकचून आवळली असती. शटर शेवटच्या फुटाला अडते, जोर लावून खाली दाबावे लागते आणि वर्षभरात स्प्रिंग तुटते, अशी तक्रार आली तर हा दोष तपासावा. शिवाय प्रत्येक फेऱ्यागणिक स्प्रिंग तारेच्या जाडीएवढी लांबते. सात फेऱ्यांत ६ मिलिमीटर तारेची स्प्रिंग ४२ मिलिमीटरने लांबेल. तेवढी जागा बाजूला सोडलेली असावी.

तार स्प्रिंगचीच असावी. सरकारी कामात भारतीय मानक ४४५४ च्या पहिल्या भागातील तार मागितली जाते. त्या तारेची स्प्रिंग मिळते का, ते विचारून घ्यावे व पावतीवर लिहून घ्यावे. साध्या लोखंडी तारेची स्प्रिंग पहिल्या दिवशी छान चालते, नंतर बसते. भंगारातून काढलेली स्प्रिंग रंग मारून नवी म्हणून विकणे हा तर सरळ धोका आहे. तिच्या किती फेऱ्या आधीच संपल्या हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. तुटलेल्या स्प्रिंगला वेल्डिंग करण्याचा आग्रह गिऱ्हाईक करील, 'आजचा दिवस निभावून ने' म्हणेल. नाही म्हणावे. वेल्डिंगच्या शेजारची तार ठिसूळ होते व पुन्हा तेथेच तुटते. पुढच्या वेळी खाली कोण उभा असेल हे सांगता येत नाही.

दोन स्प्रिंगांपैकी एक तुटली तर दोन्ही बदलाव्यात काय? दोन्ही एकाच दिवशी बसविल्या असतील तर होय. दुसरीच्याही तेवढ्याच फेऱ्या झालेल्या आहेत. गुंडाळी उतरविण्या-चढविण्याची मजुरी दोनदा देण्यापेक्षा एका स्प्रिंगची किंमत देणे दुकानदाराला स्वस्त पडते. मात्र दुसरी अलीकडेच बदललेली असेल तर ती फेकण्याचे कारण नाही. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगून निर्णय त्याच्यावर सोडावा.

पीळ भरणे व तोल पाहणे

बसविताना उलटा क्रम. गुंडाळी बांधलेलीच असू द्यावी, टेकू तसेच. पाइप फिरवून पीळ द्यायचा तो स्प्रिंग आवळेल अशाच दिशेने. उलट दिशेने दिला तर वेढे उघडतात व आकडा निसटतो. काढताना मोजलेल्या फेऱ्यांपेक्षा थोडा कमी पीळ देऊन क्लॅम्प पूर्ण आवळावा, मग दोर सोडावेत व टेकू काढावेत. शटर हळूहळू कमरेएवढे खाली आणून हात सैल करून पाहावे, पण हात जवळच ठेवावा. खाली घसरले तर पीळ कमी आहे, आपोआप वर पळाले तर जास्त आहे. कमी असेल तर पुन्हा शटर वर नेऊन, दोर-टेकू बांधून, अर्धा फेरा वाढवावा. प्रत्येक वेळी बांधणे कंटाळवाणे वाटते, आणि बहुतेक हात त्या तिसऱ्या वेळेलाच दुखावतात, जेव्हा 'आता अर्धाच फेरा राहिला' म्हणून दोर न बांधता क्लॅम्प सोडला जातो.

शटर हलके वाटावे म्हणून गरजेपेक्षा जास्त पीळ मारून देणे हीही एक फसवणूकच आहे. गिऱ्हाईक खूष होते, परंतु स्प्रिंगवर कायम जादा ताण राहतो व कुलूप लावताना खालची पट्टी पायाने दाबावी लागते. हाताने चालणारे शटर बेअरिंगशिवाय साधारण ८ चौरस मीटरपर्यंत व बॉल बेअरिंग लावून १२ चौरस मीटरपर्यंतच योग्य मानले जाते. त्यापुढे चेन व गिअरची व्यवस्था हवी. मोठ्या गोदामाच्या शटरवर नुसता पीळ वाढवून काम भागविणे म्हणजे अपघाताला आमंत्रण.

कोकणातील अनेक बांधव आखाती देशांत इमारतींच्या देखभालीच्या कामावर आहेत. त्यांच्यासाठी एक सूचना. तेथील बंगल्यांच्या गॅरेजचा दरवाजा आपल्या शटरपेक्षा उलट्या रीतीचा असतो. त्यात वरचा दांडा फिरतो, आणि स्प्रिंगचे एक टोक मधल्या ब्रॅकेटला पक्के असते. पीळ देण्याचे काम दरवाजा पूर्ण खाली असताना, रुळाला क्लॅम्प लावून करतात. स्प्रिंगच्या टोकाच्या गोल तुकड्यात भोके असतात. त्यात नेमक्या जाडीच्या दोन लोखंडी कांबी आळीपाळीने घालून पाव-पाव फेरा भरायचा. सात फुटी दरवाजाला साधारण साडेसात फेरे लागतात. कांबीऐवजी स्क्रू-ड्रायव्हर घालण्याचा मोह होतो. तो भोकात सैल बसतो, निसटतो आणि गोळीसारखा उडतो. आपल्याकडची 'शटर वर नेऊनच पीळ सोडायचा' ही सवय तेथे तशीच लावू नये. तसेच तेथून सुटीवर आलेल्याने तेथली सवय येथल्या शटरवर चालवू नये.

काम संपल्यावर कव्हर बंद करण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने चार गोष्टी लिहाव्यात : तारीख, तारेची जाडी, वेढे आणि दिलेले फेरे. शटरवर चढणारा पुढचा माणूस दुसराच कुणी असेल. त्याला क्लॅम्प सोडण्याआधी आत किती पीळ आहे ते कळेल, आणि दुकानदाराला या स्प्रिंगला किती वर्षे झाली ते.